भट्टीतले कान

कुकरची शिट्टी मला ऐकू आली नाही, एवढंच घडलं. घर जळलं नाही, कुणी मेलं नाही. बायको आंघोळीला जाताना सांगून गेली होती की तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर, आणि मी हॉलमधल्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन शिट्टीची वाट बघत बसलो होतो, अगदी इमानेइतबारे. शिट्टी काही झाली नाही, जळका वास मात्र आला. ती ओले केस टॉवेलात गुंडाळून धावत आली, गॅस बंद केला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो की शिट्टी वाजलीच नाही, तिच्यात काहीतरी अडकलं असणार, रोजच्या रोज धुवायला नको का? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मी शिट्टी काढली, भोकात सुई फिरवली, फुंकर मारून बघितली. वाफेच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये असा माझा तोरा, कारण कितीतरी वर्षं माझा प्रत्येक रविवार एका जुन्या वाफेच्या इंजिनाच्या पोटात गेलेला आहे. तिने कुकरमध्ये नुसतं पाणी घालून तो परत गॅसवर ठेवला, मला हॉलमधल्या त्याच खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, जिथून तिला कुकरही दिसत होता आणि मीही. थोड्या वेळाने तिने एक बोट वर केलं. मग दुसरं. मग तिसरं. घरात काहीही वाजलेलं नव्हतं. बाहेर एक ट्रक गेला तो मला स्वच्छ ऐकू आला, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली तीही ऐकू आली, आणि ह्या दोन आवाजांच्या मधे तिची बोटं एकेक करून वर जात होती. पंजा पुरा उघडला तेव्हा तिने गॅस बंद केला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

माझं चष्म्यांचं दुकान आहे. चाळिशी उलटलेली माणसं माझ्यासमोरच्या स्टुलावर बसतात आणि जवळजवळ सगळी एकच गोष्ट सांगतात: डोळे ठणठणीत आहेत हो, हल्ली वर्तमानपत्रवालेच शाई कमी वापरतात. मी हसत नाही, धंदा आहे. भिंग डोळ्यांपुढे धरतो आणि शाई एकदम काळीभोर होते, आणि मग त्या माणसाचं तोंड बघण्यासारखं असतं. आता माझं तोंड बघण्यासारखं झालं. कारण गेली दोन-तीन वर्षं मला वाटत होतं की बायकोचा आवाज म्हातारा झालाय. आवाजाची धार गेली, शब्दांच्या कडा झिजल्या, 'स' आणि 'श' तर ती गिळूनच टाकते असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. वय कुणाला चुकलंय, म्हणून तिला मनातल्या मनात माफही केलं होतं. केवढा माझा मोठेपणा! आणि तोच तर आवाज, ज्याच्यासाठी मी वेडा झालो होतो. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तक्रारी घ्यायला होती. मी तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला, दुकानातला फोन सारखा बंद पडायचा, आणि शेजारच्या औषधांच्या दुकानातून तक्रार नोंदवायचं काम माझ्या गळ्यात पडलेलं. पलीकडून ती म्हणायची, "सांगा, ऐकतेय." दोनच शब्द, पण असे लखलखीत की मी तक्रार विसरून जायचो. पुढे पुढे धडधाकट चालणाऱ्या फोनचीही मी तक्रार करायला लागलो. एक दिवस ती म्हणाली की तुमची लाईन मला इथून व्यवस्थित वाजताना ऐकू येतेय, बिघाड तुमच्याकडेच दिसतो. लग्नानंतर कितीतरी वर्षं काहीही बिनसलं की आम्ही दोघं हे वाक्य म्हणून हसायचो. मग कधीतरी म्हणायचं बंद झालं. कधी, ते मला आठवत नाही.

कानांची डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती. तिने मला एका जाड भिंतींच्या खोलीत बसवून कानांवर यंत्र चढवलं आणि हातात बटण दिलं, आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे ती काहीतरी फिरवत होती, तिच्या मागे बायको पर्स मांडीवर घेऊन बसली होती. सुरुवातीला जाड, घोगरे आवाज आले, मी पटापट बटण दाबलं. मग आवाज चढत चढत बारीक झाले आणि एका ठिकाणी संपले. डॉक्टरचा हात मात्र फिरतच होता. म्हणजे आवाज होते. ते माझ्या कानांवर ठेवलेल्या यंत्रात वाजत होते, माझ्यापासून बोटभर अंतरावर, आणि माझ्यासाठी ते जगात नव्हते. मला भीती वाटायला हवी होती, पण आधी वाटलं ते आश्चर्यच. बटणावरचा अंगठा मी उगाच हलवून बघितला. बाहेर आल्यावर डॉक्टरने समजावलं की खालचे सूर शाबूत आहेत, वरचे गेलेत, लोक बोललेलं कळेल पण शब्दांचे काठ कळणार नाहीत, मशीन लावलं तर बरंच परत येईल, सगळं नाही. मग विचारलं की काम कसलं करता. बायको म्हणाली, चष्मे विकतो, आणि रविवारी लोखंडाच्या खोलीत बसून लोखंडावर हातोडा मारतो. डॉक्टरने डोळे मोठे केले. कानांत काही घालता की नाही? मी म्हणालो, कानांत काही घातलं तर ऐकणार कसं, ऐकण्यासाठीच तर मारतो. ती म्हणाली, तेच तर. आणि त्या दोन शब्दांवर मला जो धसका बसला तो माझ्या कानांसाठी नव्हता. तो आत्यासाठी होता.

आत्या म्हणजे आमचं इंजिन. आम्ही बारा-पंधरा रिकामटेकडे लोक दर रविवारी जुन्या शेडमध्ये जमतो आणि गंजून उभ्या असलेल्या एका इंजिनाला पुन्हा चालतं करण्यासाठी झटतो, पगार नाही, भत्ता नाही, घरी शिव्या फुकट. सुरुवातीच्या दिवसांत कुणी म्हणायचं नळ्या मिळाल्या असत्या तर, कुणी म्हणायचं जुनी क्रेन असती तर, आणि आमचे फोरमन, आयुष्यभर वर्कशॉपमध्ये बॉयलर दुरुस्त केलेला माणूस, दरवेळी तेच म्हणायचे: आत्याबाईला मिशा असत्या तर. तेव्हापासून इंजिनाचं नाव आत्या पडलं. तिच्या बॉयलरच्या मागच्या टोकाला भट्टी आहे, लोखंडाची एक खोली, आणि त्या खोलीभोवती दुसरी लोखंडाची खोली, मधे पाणी. ह्या दोन भिंती एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून मधून शेकडो जाड सळया घातलेल्या असतात. त्यांना आम्ही स्टे म्हणतो. वाफ चढली की ती आतली भिंत चेपायला बघते, स्टे तिला चेपू देत नाहीत. एखादा तुटला तर शेजारच्यांवर भार येतो, मग त्यांतला एखादा जातो, आणि असे चार-सहा ओळीने गेले तर पुढचं बोलायला कुणी शिल्लक राहत नाही. गंमत अशी की तुटलेला स्टे बाहेरून दिसत नाही. तो मधे, पाण्यात तुटतो. म्हणून आत भट्टीत शिरून एकेका स्टेच्या डोक्यावर हलका हातोडा मारायचा आणि ऐकायचं. फोरमननी मला पहिल्यांदा आत नेलं तेव्हा एवढंच सांगितलं होतं: चांगला स्टे बोलतो, तुटलेला नुसता हुंकार देतो.

तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. आगीच्या दारातून आधी हात, मग डोकं, मग अंग चोरत कमरेपर्यंत आत जायचं आणि मग पाय ओढून घ्यायचे. आत एक दिवा लटकत होता. चारी भिंती स्टेच्या डोक्यांनी भरलेल्या, ओळीत ओळ, वर छतालाही तेच, आणि समोरच्या भिंतीत नळ्यांची काळी भोकं. मी हातोडा मारला आणि लोखंड बोललं. आवाज भिंतीत गेला, पाण्याच्या रिकाम्या जागेतून फिरला, परत आला, आणि सगळं शांत झाल्यावरही मागे काहीतरी बारीक, चकाकतं राहिलं, जे संपलं की नाही तेच कळेना. मी श्वास धरून बसलो होतो. ज्यांनी हे ठोकलं ती माणसं केव्हाच गेली, आणि त्यांचं काम मला उत्तर देत होतं. माझे डोळे भरून आले आणि मी फोरमनना सांगितलं की गंजाची धूळ गेली. त्या दिवशी मी एका ओळीत चार मेलेले स्टे शोधले आणि कापून बघितले तर चारही तुटलेले निघाले. तेव्हापासून शेडमध्ये माझं नाव कानसेन. तानसेन कुणी नाही, पण कानसेन आहे, असं फोरमन पाहुण्यांना सांगायचे, आणि मी लाजल्यासारखं करून ते ऐकत उभा राहायचो. दुकानात मला कुणी असा मान दिला नाही. घरीही नाही, खरं सांगायचं तर.

आणि गेल्याच महिन्यात कानसेनांनी सगळी भट्टी पुन्हा ठोकली होती. सगळे स्टे चांगले, असं जाहीर केलं होतं. आता आग पेटवायचा दिवस ठरला होता, घरोघरची माणसं बघायला येणार होती, पोरंबाळं फूटप्लेटवर, म्हणजे ड्रायव्हर उभा राहतो त्या फळीवर, चढणार होती. डॉक्टरकडून परतताना बसमध्ये बायको माझ्याशी काहीतरी बोलत होती आणि मी भट्टीत होतो, ओळीने हातोडा मारत, प्रत्येकाचा आवाज आठवायचा प्रयत्न करत. मागे राहणारं ते चकाकतं काहीतरी गेल्या महिन्यात होतं का? नव्हतं. मला ते नसल्याचंही आठवत नव्हतं. पाहुणा कधी उठून गेला ते यजमानालाच कळू नये, तसं झालं होतं. पण माणूस बुडताना काडीचा आधार शोधतो, आणि माझ्याकडे काडी होती. प्रत्येक स्टेला बाहेरच्या टोकाकडून एक बारीक छिद्र पाडलेलं असतं. स्टे आत तुटला की पाणी त्या छिद्रात शिरतं आणि बाहेर झिरपतं, म्हणजे तुटलेला स्टे आपली चहाडी आपणच करतो. आम्ही त्या छिद्रांना चहाडखोर म्हणतो. बॉयलर गच्च पाण्याने भरून दाब देऊन झाला होता, आणि एकाही चहाडखोरातून थेंब आला नव्हता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. म्हणजे माझा कान चुकला असला तरी छिद्रं चुकली नसणार. मी सुटलो होतो. कुणाला काही सांगायची गरजच नव्हती.

रविवारी मी नेहमीच्या वेळेआधी शेडमध्ये गेलो आणि सरळ आत्याच्या कुशीला, भट्टीच्या बाहेरच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. आमचे सर तिथे ब्रश धूत होते. सर म्हणजे चित्रकलेचे शिक्षक, निवृत्त, स्वच्छतेचं वेड असलेला देवमाणूस. सगळं रंगकाम त्यांचं. भिंत इतकी सुंदर लाल दिसत होती की हात लावायला भीती वाटावी. मी छिद्रं शोधली. एकही दिसेना. मी बोट फिरवलं, गुळगुळीत. सरांना वाटलं मी कौतुक करतोय. ते हरखून सांगायला लागले की काय सांगू, प्रत्येक बोल्टच्या टोकाला गंजाने खड्डा पडला होता, एकूण एक, मी दोन महिने बसून त्यांत लोखंडाची लांबी, ती पुट्टी असते ना, भरली, घासली, मग रंग. पाण्याची चाचणी व्हायच्या आधी उरकलं, म्हणजे तुम्हा लोकांना चाचणीच्या दिवशी आत्या नटलेली दिसावी. एवढं मन लावून केलेली चूक मी आयुष्यात बघितली नव्हती. त्यांना रागावणार कसं? आम्ही सगळेच असे, हिच्यावरचा एक डाग बघवत नाही कुणाला. मी म्हणालो, छान झालंय सर. आणि भट्टीच्या मागे जाऊन लोखंडाला टेकून उभा राहिलो. लोखंड थंड होतं. त्याच्या आत कुठेतरी एखादा स्टे तुटलेला असेल किंवा नसेल, ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि मला माहीत आहे असं सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवशी मी काही बोललो नाही. घरी आलो. जेवताना ताटाकडे बघत बसलो होतो, आणि बायको समोर बसून शांतपणे जेवत होती, आणि माझ्या लक्षात आलं की ही शांतताच आमच्या घरात हल्ली असते. मला ती आवडायला लागली होती. वाटायचं, मुरलेलं लग्न आहे, बोलावं लागत नाही. मी तिला विचारलं की गेल्या दोन-तीन वर्षांत तू मला काय काय सांगितलंस जे मी ऐकलं नाही. ती म्हणाली, ते मी कसं सांगू, मला वाटत होतं तू ऐकतोयस. मग म्हणाली की तू प्रत्येक वेळी 'हं' म्हणायचास. मी दुसऱ्या खोलीतून काही म्हटलं की हं. आधी मला वाटलं पेपरात डोकं आहे. मग वाटलं त्या इंजिनात आहे. मग वाटलं, तुझं मन माझ्यावरूनच उडालं असेल. म्हणून मी आतल्या खोलीतून बोलायचं सोडलं. एवढं सगळं तिने वाटीत चमचा फिरवत सांगितलं, जवळ बसून, माझ्याकडे तोंड करून, म्हणून ते मला पोचलं. मी विचारलं, पण सांगायचीस तरी काय? ती म्हणाली, "काही नाही रे. चहा घेतोस का, हे बघ चंद्र केवढा दिसतोय, असलंच." मला रडायला आलं. चोरून नाही, सरळ ताटावर. मग मी तिला स्टेचं सगळं सांगितलं, चहाडखोर, सर, लांबी, सगळं. तिने विचारलं की हे त्यांना कधी सांगणार. मी म्हणालो की सांगितलं तर माझा कान गेला म्हणून मला बाजूला बसवतील, पाहुण्यांना चहा देण्यापुरतं ठेवतील, लाज निघेल ती वेगळीच. ती म्हणाली, पोरं चढणार आहेत ना वर? एवढंच. उष्टं ताट उचलून ती आत गेली.

पुढच्या रविवारी मी सांगितलं. फोरमन आणि मामा दोघेच होते तेव्हा. मामा म्हणजे जुने ड्रायव्हर, आग पेटली की हँडल त्यांच्याच हातात. मला वाटलं होतं आकाश कोसळेल. फोरमननी फक्त टोपी काढली आणि डोकं खाजवलं. सरांच्या लांबीचं ऐकून त्यांनी डोळे मिटून घेतले, मग पुटपुटले की बिचाऱ्याला मीच सांगेन, तुम्ही कुणी तोंड उघडू नका. भोकं परत मोकळी करू, पाणी परत भरू, पण निम्म्या भोकांत आतून जुना गंज बसलाय, सगळी चहाडी करतीलच असं नाही. कान हवाच. मी म्हणालो, मग तुम्ही ऐका. ते हसले. त्यांनी मला विचारलं की तुला काय वाटलं, इतकी वर्षं मी तुला आत का पाठवत होतो? माझे कान वर्कशॉपमध्येच गेले. मामांचे फूटप्लेटवर. मामा इतका वेळ आमच्या तोंडाकडे बघून मान डोलवत होते, त्यांना काय कळलं होतं देव जाणे. मी खुळ्यासारखा दोघांकडे बघत राहिलो. म्हणजे एकाच्याही कानांत दम नव्हता, आणि मला मात्र ते मानाचं पद वाटत होतं. वासरांत लंगडी गाय शहाणी. मला हसू फुटलं, आणि हसताना हेही कळलं की हसण्यासारखं काही नाही, कारण शेडमधली बाकीची मंडळीही आमच्याच वयाची, आता ऐकणारं कुणीच उरलं नव्हतं. मग माझ्या तोंडून निघून गेलं की माझी बायको एक्स्चेंजमध्ये होती.

ती येईल असं मला वाटलं नव्हतं. इतक्या वर्षांत तिने शेडचं तोंड बघितलं नव्हतं, आत्याचं नाव काढलं की सवत म्हणायची. पण आली. जुना पंजाबी ड्रेस घालून, केस रुमालाने बांधून, आणि आगीच्या दाराकडे बघून म्हणाली की ह्या भोकातून मी? मी आधी आत गेलो आणि तिचे हात धरले. कुरकुरत, अडकत, माझ्या नावाने बोटं मोडत ती आत आली, फळीवर उकिडवी बसली आणि वर बघितलं. मग तिचं कुरकुरणं थांबलं. दिव्याच्या उजेडात ती चारी बाजूंच्या ओळी बघत होती, छत बघत होती, बराच वेळ. मी काही समजावलं नाही. बॉयलर पाण्याने भरून दाब दिला होता, म्हणजे भिंतीपलीकडे पाणी ताणून उभं होतं. डॉक्टरने दिलेले कापसाचे बोळे मी माझ्या कानांत घातले, तिने दोन्ही कान मोकळे ठेवले, आणि मी पहिल्या स्टेवर हलकाच हातोडा मारला.

ती दचकली. मग तिने मला हाताने थांबवलं आणि मान तिरकी करून बसून राहिली. माझ्यासाठी आवाज केव्हाच संपला होता. तिच्यासाठी संपला नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी कापूस काढून विचारलं, काय? ती म्हणाली, "थांब, अजून आहे." आणि मग माझ्याकडे तोंड करून, मला कळेल अशा बेताने, ती सांगायला लागली. आधी एक ठोक येतो, तो जाडा आहे. त्याच्यातून दुसरा निघतो, तो वर जातो. आणि सगळं झाल्यावर मागे एक बारीकसं राहतं, ते संपतच नाही, लांबच्या कॉलच्या मागे तारेत एक वाजत राहायचं ना, तसं. मी हातोडा मांडीवर ठेवून ऐकत होतो. तेच होतं ते. पहिल्या दिवशी मला जे ऐकू आलं होतं ते तिथेच होतं, एक दिवसही कुठे गेलं नव्हतं, लोखंड त्याच इमानाने बोलत होतं.  मी पुढचा मारला, तिने ऐकला, मान हलवली, खडूची खूण केली. मग पुढचा. तिला लवकरच गोडी लागली. हा लाजाळू आहे. हा शेजारच्याशी बोलतो बघ. ह्याचा गळा बसलाय पण जिवंत आहे. मी इतक्या वर्षांत त्यांची दोनच जातींत वाटणी केली होती, चांगला आणि मेलेला. तिला त्यांत माणसं ऐकू येत होती. आम्ही दोघं गुडघ्यांवर सरकत, एकमेकांना धरत, ओळीमागून ओळ जात होतो, आणि बोलत होतो. एवढं आम्ही कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. तिच्या नाकावर काजळी होती. वरच्या डाव्या कोपऱ्याशी, जिथे हात उंच करून मारावं लागतं, मी एक मारला आणि पुढच्याकडे वळलो, कारण माझ्या कानांना तो बाकीच्यांसारखाच होता. तिने माझं मनगट धरलं. परत मार, म्हणाली. मी मारला. परत. मी मारला. ती माझ्याकडे न बघता, स्टेकडेच बघत म्हणाली:

"हा 'हं' म्हणतोय."

फोरमननी तो स्टे कापून काढला. पाऊण भागाहून जास्त तुटलेला होता, तुटीची पुढची कड नव्या पत्र्यासारखी चकचकीत, म्हणजे घाव ताजा होता आणि वाढत होता. त्याच्या छिद्रात आतून गंज दगडासारखा बसला होता, त्याने कधीच चहाडी केली नसती. फोरमननी तो माझ्या हातात ठेवला. सर शेजारी उभे होते, त्यांना सगळं कळलं होतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आम्हा दोघांना एकच गोष्ट दिसत होती: वाफ चढलेली, फूटप्लेटवर पोरं, आणि कोपऱ्यातला हा एक, प्रत्येक श्वासाला थोडा थोडा सुटत चाललेला. हाच स्टे मी गेल्या महिन्यात चांगला म्हणून सोडला होता. मला तो जड लागला. घरी नेऊ का विचारलं तर फोरमन म्हणाले ने. तो आता माझ्या दुकानात काउंटरवर असतो. शाई कमी झाल्याचं सांगणारं गिऱ्हाईक आलं की मी तो उगाच हातात घेऊन बसतो.

आग पेटवायचा दिवस थोडा पुढे ढकलला, नवा स्टे बसवला, बायकोने भट्टी पुन्हा एकदा पहिल्यापासून ऐकली आणि मगच हो म्हणाली. थंड बॉयलरला घाई चालत नाही, आदल्या दिवसापासूनच छोटा विस्तव ठेवून तिला हळूहळू ऊब देत होते. सकाळी आम्ही दोघं पोचलो तेव्हा शेडबाहेर गर्दी होती, आणि आत्या उन्हात उभी होती. लोखंड गरम झालं की त्याचा वास बदलतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी इतकी वर्षं तिला मेलेली ओळखत होतो. सर चिंधी घेऊन तिच्या अंगावरचा धुरळा टिपत होते, अजूनही. मशीन माझ्या एका कानात होतं, दुसऱ्याचं अजून यायचं होतं, आणि त्यातून सगळंच डब्यातून आल्यासारखं कर्कश येत होतं, म्हणून गर्दीत मी ते काढून खिशात टाकलं. बायको एकदम थबकली. तिने बॉयलरकडे बघितलं आणि माझ्या बाहीला धरून मला जवळ ओढलं. गातेय, ती म्हणाली. मला काही ऐकू येत नव्हतं. तिने माझा हात उचलून भट्टीच्या दाराखालच्या लोखंडी पायरीवर ठेवला, आणि मला ते तळव्यात लागलं, अगदी बारीक, सारखं थरथरणारं. पाणी उकळायच्या आधीचं गाणं. मामांच्या आधी, फोरमनच्या आधी, शेडमधल्या सगळ्यांच्या आधी ते तिला ऐकू आलं होतं. मी हात तिथेच ठेवला, भाजायला लागेपर्यंत.

मग काटा चढत गेला, आणि लोक बोलायचे थांबत गेले. मामा वर चढले, त्यांनी एका हाताने दांडी धरली, आम्हा सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं, आणि शिट्टीची साखळी ओढली. कुकरच्या शिट्टीचा आणि हिचा काही संबंध नाही. हिचा आवाज खालून येतो, जमिनीतून, बरगड्यांतून. पोरांनी कान झाकले, बायांनी झाकले, सरांनीही झाकले. मला ती पूर्ण ऐकू आली. तळापासून शेंड्यापर्यंत, एक कणही गळाला नाही, निदान मला तरी तसं वाटलं, आणि ती संपल्यावर पलीकडच्या इमारतींवरून तिचा प्रतिध्वनी परत आला तोही ऐकू आला.  गंजाचा एवढा मोठा ढीग, आमच्यासारख्या बहिऱ्या, हौशी, चुका करणाऱ्या माणसांनी उभा केला, आणि त्यात आता श्वास होता. मी बायकोकडे बघितलं. तिने कान झाकले नव्हते. ती इंजिनाकडे बघतच नव्हती, माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, मला ऐकू आलं की नाही ते तिथे वाचत होती.

मी मान हलवली. तिचेही डोळे भरले होते. आजूबाजूला टाळ्या सुरू झाल्या, वाफ फुसफुसायला लागली, आणि त्या गदारोळात ती मला काहीतरी म्हणाली. ओठ हलले तेवढे दिसले. माझा 'हं' तयारच होता, जिभेच्या टोकावर, इतक्या वर्षांची सवय. तो मी गिळला.

"ऐकू नाही आलं," मी म्हणालो. "पुन्हा सांग."

भट्टीच्या दारावरच्या फळीवर मामांनी किटली ठेवली होती, तिच्याकडे तिने बोट केलं. मग वळसा घालून माझ्या कानाजवळ आली, आणि न ओरडता, न चिडता, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मी विचारत होते, चहा घेणार का?"

"घेणार," मी म्हणालो.